भरतीचं प्रकरण

कोल्हापूरच्या जीवलेखागारात पुस्तकांची कपाटं नव्हती. थंड दालनात बोटाएवढ्या काचनळ्या ओळीनं उभ्या होत्या आणि प्रत्येक नळीतल्या गढूळ द्रवात शेकडो पुस्तकं साठवलेली होती. शाल्मली रेडकरनं आपलं नवंकोरं पुस्तक संचालिका डॉ. रेहाना मुजावर यांच्यापुढे ठेवलं.

"ओहोटीचं प्रकरण संपलं, की एका वाक्यानंतर लगेच खेकडेच सुरू होतात," ती म्हणाली. "मधलं भरतीचं प्रकरण गायब आहे. पानांचे आकडे मात्र सलग."

पुस्तकाचं नाव होतं 'किनाऱ्यावरचे जीव'. शाल्मलीच्या आईनं, कुमुद रेडकर यांनी, मालवणला समुद्रजीवांवर संशोधन करत असताना ते लिहिलं होतं. घरातली प्रत चक्रीवादळात भिजून गेली होती आणि बाहेरही कुठे कागदी प्रत उरली नव्हती. आता आईची दृष्टी अधू झाली होती. तिला वाचून दाखवता यावं म्हणून शाल्मलीनं लेखागारातून पुस्तक छापून घेतलं. आई म्हणाली होती, "फक्त भरतीचं वाच, बाकीचं राहू दे." आणि नेमकं तेच नव्हतं.

"त्या प्रकरणाबद्दल काही आठवतं?" डॉ. मुजावरांनी विचारलं.

"त्याची सुरुवात आणि शेवट एकाच वाक्यानं व्हायचा. 'पाणी परत जाताना काहीतरी ठेवून जातं, पण ते कुणासाठी हे कधी सांगत नाही.' ते वाक्य राहिलंय, पण एकदाच."

डॉ. मुजावर खुर्चीत सावरून बसल्या. "मग कारण सापडलं. आम्ही पुस्तकातल्या अक्षरांचं डीएनएच्या भाषेत रूपांतर करतो आणि तो धागा जीवाणूत ठेवतो. एकाच जीवाणूत अशी अनेक पुस्तकं मावतात. जीवाणू वाढले की पुस्तकाच्या प्रतीही वाढतात. त्यांना अर्थ कळत नाही, पण सारखेपणा कळतो. एखादं लांब वाक्य धाग्यावर दोनदा हुबेहूब आलं, तर क्वचित ते दोन तुकडे एकमेकांना भिडतात. दोन वाक्यांचं एक होतं आणि मधला मजकूर वेटोळं होऊन सुटतो."

"पण इतर जीवाणूंत ते असेलच की."

"ही नळी सुरुवातीच्या काळातली आहे. तिच्यातली सगळी वस्ती एकाच जीवाणूपासून वाढवलेली. त्याच्यात झालेली चूक सगळ्यांत उतरली."

शाल्मलीनं विचारलं, "त्या सुटलेल्या वेटोळ्याचं पुढे काय होतं?"

"बहुतेकदा नष्ट होतं. ते टिकायचा एकच मार्ग आहे. त्याच जीवाणूतल्या दुसऱ्या पुस्तकात तेच वाक्य असेल, तर वेटोळं तिथं शिरतं. पण इतकं लांब वाक्य अक्षरन् अक्षर दुसरं कोण लिहिणार?"

"शोधून तर बघू," शाल्मली म्हणाली.

डॉ. मुजावरांनी नळीतला थेंब वाचनयंत्रात सोडला. दोघी पडद्यासमोर बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं एक नाव उमटलं: 'पलीकडचा धक्का'. ती एक जुनी निनावी कादंबरी होती. तान्ह्या मुलीला घेऊन घर सोडणाऱ्या एका शिक्षिकेची. तिच्या लेखकाचा पत्ता कधीच लागला नव्हता. कादंबरीच्या मध्यावर अख्खं भरतीचं प्रकरण येऊन बसलं होतं.

शाल्मली ती कादंबरी छापून घेऊन मालवणला आली. वाटेत तिनं कादंबरी पुरी वाचली. आपले वडील वारले असं आईनं तिला सांगितलं होतं. त्यापलीकडे ती कधी बोलली नव्हती.

आई पडवीत बसली होती. शाल्मलीनं काही न सांगता कादंबरीतूनच वाचायला सुरुवात केली. शिक्षिका खाडीकाठी तरीची, पलीकडे नेणाऱ्या होडीची, वाट पाहत उभी होती. मग ते वाक्य आलं, आणि त्यामागून भरती: चिखलात उघडणारी बिळं, खारफुटीच्या मुळांवर चढणारं पाणी, शेवटी हललेली होडी. पुन्हा तेच वाक्य आलं आणि शिक्षिकेनं मुलीला छातीशी धरून तरीत पाऊल टाकलं. सांधा कुठेच जाणवत नव्हता.

आईचे हात मांडीवर थांबले होते. "हे कुणी परत इथं घातलं?"

"परत?"

"आधी ते इथंच होतं. छापायच्या आधी मी काढलं. ती खाडी इतकी बारकाईनं दुसऱ्या कुणी पाहिलीच नव्हती, लोकांनी मला लगेच ओळखलं असतं. जोड दिसू नये म्हणून एक वाक्य तेवढं तिथं ठेवलं. पुढे प्रकरण वाया जायला नको म्हणून किनाऱ्याच्या पुस्तकात घातलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझे वडील जिवंत होते तोवर भीती वाटायची. नंतर सवयच झाली."

शाल्मली तिच्याजवळ सरकून बसली. काही वेळानं तिनं डॉ. मुजावरांना फोन लावून सापडलं ते सगळं सांगितलं.

"मूळ छापील मजकुराप्रमाणे दुरुस्त करायचा नियम आहे," पलीकडून आवाज आला. "पण लेखिका हयात आहेत, त्या म्हणतील तसं करू."

शाल्मलीनं ते आईला सांगितलं.

"किनाऱ्याच्या पुस्तकात घालू दे त्यांना," आई म्हणाली. "पण इथलं काढू नका म्हणावं."

"आई, ते इथं राहिलं, तर कादंबरी कुणाची हे कुणालाही कळेल."

"कळेल ना." आईनं मान मागे टेकली. "तू वाच गो पुढं."