सहावा कोट

गाद्यांच्या गोदामाची आग विझवून आमची गाडी परतली, तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. मी गोणी घेऊन खाली गेलो. रोजचंच काम. जवानांनी आगीतून आलेले कोट गोणीत टाकायचे, मी ते धुलाईच्या खोलीत न्यायचे. बावीस वर्षं मीही आगीत शिरलो. आता जिना चढताना धाप लागते, म्हणून साहेबांनी मला धुलाईवर बसवलंय. पोरं हसतात. हसू देत बापडी.

काजळी कोटात राहते, कोटातून अंगात उतरते, हे मी आमच्या केंद्रातल्या थोरल्या दादांकडे बघून शिकलो. दादांनी मला आगीत शिरायला शिकवलं, पण स्वतःचा कोट जन्मात कधी धुतला नाही. आधी त्यांचा आवाज बसला. मग घशाला भोक पाडून नळी बसवली, वर पांढरी पट्टी. श्वास घेतला की बारीक शिट्टी वाजायची. चार वर्षांपूर्वी गेले. मी खांदा दिलाय.

त्या दिवशी सहाजण आगीवर गेले होते. पाच कोट मिळाले. सहावा पैलवानाचा; आमच्यातल्या एका दांडग्या जवानाला सगळे याच नावाने हाक मारायचे.

"माझा नाही मिळायचा, काका," तो म्हणाला. "काळा कोट ही आपली कमाई आहे. धुतला तर नवशिक्या वाटेन मी."

"तपासणीला तरी जा. दोन वर्षं टाळतोयस."

"मला काय धाड भरलीय? घोड्यासारखा आहे मी." नेहमीप्रमाणे कोट घेऊन तो घरी गेला. घर मागच्याच गल्लीत. तिथं तो कोट झोपायच्या खोलीत, दारामागच्या खुंटीवर असायचा.

मी पाच कोट यंत्रात घातले. हाताने मोजून घातले, हे शपथेवर सांगतो. दार लावलं, बटण दाबलं, स्टुलावर बसलो. खोलीला खिडकी नाही. दिवा होता, पण त्या दुपारी त्याचा उजेड कोपऱ्यापर्यंत पोचत नव्हता.

पाणी काळं झालं. ते होतंच. ते सोडलं, दुसरं घेतलं. तेही काळं. तिसरं... चौथं... ओल्या राखेचा वास एवढा दाटला की नाकाला रुमाल लावावा लागला. आणि मग यंत्राच्या घरघरीखालून दुसरा आवाज आला. बारीक शिट्टी. थांबायची... पुन्हा यायची. कोणी तरी माझ्या पाठीशी बसून श्वास घेत असावं, तशी.

मी मागे वळलो नाही. माझी छाती झाली नाही.

यंत्र थांबलं तेव्हा शिट्टीही थांबली. मी दार उघडून एकेक कोट बाहेर काढला. पाच झाले. तळाशी अजून एक होता. कॉलरच्या आत नाव पाहिलं. पैलवानाचं.

तेवढ्यात तो स्वतःच धावत आला. अंगात बनियन, पायात काही नाही.

"काका, आंघोळ करून आलो तर खुंटी रिकामी! माझा कोट कोणी आणला?"

मी कोट पुढे केला. त्याने तिथूनच बायकोला फोन लावला. खोली एवढीशी, तिचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता.

"अहो, तुम्ही आंघोळीला गेलात ना, तेव्हा तुमच्यातलेच एक म्हातारे आले होते. मला वाटलं, तुम्हीच बोलावलंय."

"काय म्हणाले?"

"काहीच नाही हो. बोलताच येत नव्हतं बिचाऱ्यांना... गळ्याला पट्टी होती. नुसतं कोटाकडे बोट दाखवलं. मी दिला. जाताना तुमच्या उशीवर हात ठेवला त्यांनी. डाव्या बाजूला. मला बाई कसंतरीच झालं..."

पैलवान स्टुलावर मटकन बसला. त्याचा हात छातीवर गेला होता. डाव्या बाजूला. "महिनाभर इथं टोचतंय, काका," तो हळूच म्हणाला. "सांगितलं नाही कोणाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला तपासणीला घेऊन गेलो. फोटोत डाव्या फुफ्फुसात डाग निघाला, हरभऱ्याएवढा. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. वर्षभराने आला असता तर हात टेकले असते. पैलवान रडला. मीही पाठ फिरवून डोळे पुसले. पुढे ऑपरेशन झालं, तो वाचला. आज स्वतःच पोरांचे कोट गोळा करतो.

पण मला सांगायचंय ते त्या सकाळचं. आम्ही निघालो, तेव्हा नोंदणीच्या खिडकीतल्या बाईंनी माझ्या गणवेशावरचं नाव वाचून मला थांबवलं.

"तुम्ही कुठे निघालात? पुढचा नंबर तुमचा आहे."

"माझा? मी नाव दिलेलं नाही."

"सकाळी दवाखाना उघडताच फोन आला होता." त्यांनी वही माझ्याकडे वळवली. माझं नाव होतं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. "पलीकडून कोणी बोललं नाही. नुसता श्वास... शिट्टीसारखा. पण मी फोन ठेवला, तेव्हा हे नाव लिहून झालेलं होतं."