आवाज फाटतोय का, सांग

पतंगांच्या उत्तरायणला आठवडा राहिला होता. गोडादऱ्याच्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंनी मांजावाल्यांनी गुलाबी दोरे ताणलेले, आणि मी ओढणी सांभाळत, वाकून वाकून वाट काढत चाललेले. तेवढ्यात एका दुकानातून असा काही आवाज आला, की माझे दात आंबले. पत्र्यावर खिळा ओढावा तसा, चिरका, आणि थांबायचं नाव नाही. मांजावाल्याचे हात रंगात बुडालेले, त्यानं कोपरांनी कान झाकले. समोरच्या बाईनं दार लावून घेतलं.

दुकानात मात्र एक मुलगा शांत बसला होता. कॉम्प्युटरच्या स्क्रीनकडे बघत गालातल्या गालात हसत होता. मला रागच आला. तशीच आत शिरले आणि म्हटलं, "अहो, बंद करा ते."

त्यानं वळून पाहिलं. "काय?"

"आवाज. तो आवाज बंद करा."

"येतोय ना आवाज?" त्याचा चेहरा असा उजळला, की मी गोंधळलेच. "सकाळपासून येतच नव्हता."

"येतोय. अख्ख्या गल्लीला येतोय."

त्यानं घाईघाईनं काहीतरी दाबलं, आवाज थांबला. मग मान खाली घालून म्हणाला, "फाटत होता का?... मला नाही कळलं." इतकं खरं बोलणारं माणूस बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं. माझा राग तिथेच गळून पडला.

त्याचं नाव लखन. वह्या-पेनांच्या दुकानातला एक कोपरा त्यानं भाड्यानं घेतला होता. प्रिंटर, कॅमेरे दुरुस्त करायचा; पण खरा जीव जुन्या कॉम्प्युटर गेममध्ये. आपण लहानपणी सायबर कॅफेत खेळायचो ते गेम नव्या कॉम्प्युटरवर नीट चालत नाहीत. चित्र ताणलं जातं आणि काटकुळे शिपाई ढेरपोटे दिसतात. आभाळ जांभळं होतं, माणसांचे चेहरे हिरवे. आवाज एकतर येतच नाही, नाहीतर फाटतो. लखन अशा गेमच्या फोल्डरमध्ये एखादी छोटी फाईल टाकायचा, चार गोष्टी बदलायचा, आणि कॉम्प्युटरची समजूत घालायचा की बाबा रे, तू वीस वर्षांपूर्वीचा आहेस. संसाराला लागलेली मोठमोठी माणसं त्याला फोन करायची. तो आधी स्वतःच्या कॉम्प्युटरवर गेम बसवून बघायचा, मग दुरूनच त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून तो नीट करून द्यायचा. त्या दिवशीचा गेम नागपूरच्या एका बँकेतल्या साहेबांचा होता.

"पाच मिनिटं थांबाल?" त्यानं विचारलं. "मी एकेक बदलत जातो. फाटायचं थांबलं की हात वर करा."

मी स्टुलावर बसले. तो बदलत गेला, मी नाक मुरडत गेले. आणि मग एकदम... चिरकणं थांबलं. आत कुठंतरी बासरी वाजत होती, इतका वेळ ती त्या गोंगाटाखाली दडपली होती. मी हात वर केला. त्यानं स्क्रीनकडे पाहायचं सोडून माझ्या हाताकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं.

पुढच्या रविवारी मी पुन्हा का गेले? सांगायला कारण नाही. मांजाचे दोरे उतरले होते, ती गल्ली माझ्या वाटेवरही नव्हती. गेले, झालं.

मग रविवार त्याचेच झाले. आठवडाभर मी रिंगरोडच्या एका मार्केटमध्ये साड्यांचे फोटो साफ करायची, मॉडेलच्या हातावरची सुरकुती पुसायची. रविवारी लखनच्या शेजारी बसून जुन्या गेमचे आवाज ऐकायची. चित्र त्याचं, आवाज माझा, अशी वाटणीच झाली होती. चित्रात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. एक रेघ इकडची तिकडे झाली तरी त्याला झोप यायची नाही.

"कसा येतोय आवाज? नीट सांग. 'बरा आहे' नको."

"घोडा चाललाय... चिखलातून."

"चिखलातून? चित्रात तर दगड आहेत."

"मग तुझा घोडा खोटं बोलतोय."

तो हसायचा आणि परत खटपटीला लागायचा. मध्येच गरम लोचो यायचा, वाफवलेल्या डाळीचा, वर शेव, कांदा. तो माझ्या वाटणीची शेव स्वतःकडे ओढायचा आणि मी स्वतःची समजून त्याची मिरची खायची.

"नेहमी उजवीकडे बस," तो मला एकदा म्हणाला.

"का? डावीकडून वाईट दिसते का मी?"

"दिसतेस छान. ऐकू येत नाहीस." आणि मग त्यानं सगळं सांगितलं. पंधराव्या वर्षी तो वडिलांच्या मागोमाग बमरोलीच्या लूमच्या कारखान्यात गेला. दिवसभर शेकडो मागांचा खडखडाट. डावा कान तिथेच गेला, बारीक आवाज उजव्यालाही येईनासे झाले. दोन वर्षांपूर्वी तो घाबरला, काम सोडलं आणि हा कोपरा घेतला. "उरलाय तो कान आता जपून वापरतो," तो म्हणाला. "गेमला तू आहेस. हा तुझ्यासाठी ठेवलाय."

मी उठून स्टूल त्याच्या उजवीकडे सरकवलं. बोलले असते तर माझा आवाज फाटला असता.

मला त्याच्या कानांचं नवल नव्हतं, कारण ते आमच्या घरचंच दुखणं. माझे बाबा, उखा त्यांचं नाव, जन्मभर लूमवर उभे राहिले. आता घरी असतात, दोन्ही कान गेलेले. आई, भागीरथी, त्यांना जेवायला हाक मारते तेव्हा डिंडोलीतल्या आमच्या शेजाऱ्यांना भांडण वाटतं. बाबा सगळ्यालाच हसून मान हलवतात. कुणी वारल्याचं सांगितलं तरी आधी हसतात. मग आमचे चेहरे बघतात आणि हसू आवरून घेतात. ते बघवत नाही.

होळीनंतर लखन आमच्या घरी आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. बाबांच्या समोर बसून तोंड नीट दिसेल असं सावकाश बोलला, म्हणून बाबांना तो लगेच आवडला. आईनं मात्र सगळी चौकशी केली. तो मोठ्या भावाच्या संसारात, एकाच खोलीत राहत होता. आई म्हणाली, पोरगा वाईट नाही, पण माझ्या मुलीला स्वतंत्र खोली हवी. आणि दुसरी अट तिनं आमच्या अहिराणीत, थेट त्याच्या डोळ्यांत बघून सांगितली.

"कारखानामा जानारा जवाई माले नको. मी जनमभर घरमा वरडीसन बोलनू. मनी पोरले ते नको."

लखन म्हणाला, मावशी, कारखाना मी केव्हाच सोडलाय. खोलीचं वर्षाच्या आत करतो. आईनं पुड्यातला पेढा तोंडात टाकला. आमच्याकडे त्याचा अर्थ होकार असा होतो.

जिन्यात तो हळूच म्हणाला, "जागृती, आता तर मी रात्रंदिवस गेम दुरुस्त करणार."

"आणि झोपणार कधी?"

"लग्न झाल्यावर."

"लग्न झाल्यावर तर अजिबात नाही," मी म्हटलं आणि स्वतःच लाजून वर पळाले.

त्यानंतरचे दिवस... काय सांगू. साड्यांच्या फोटोंत मला साड्याच दिसेनात. लखन थकलेला दिसायचा, पण मी समजायची, काम वाढलंय. रविवारी बोलता बोलता पेंगायचा. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, बाहेरगावचे लोक उशिरापर्यंत फोन करतात. मीही खूश होते. आमच्या खोलीला पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे, इथवर मी पोचले होते.

मे महिन्यातला रविवार. दुकानात भट्टी पेटल्यासारखं झालेलं. त्याच्याकडे प्लग लावायला जागा एकच मोकळी असायची, म्हणून मी आल्या आल्या स्पीकरचा प्लग काढून टेबलफॅन लावला आणि विसरून गेले. लखन वापीच्या एका गिऱ्हाइकाचा गेम बसवत होता. चित्र झकास जमलं होतं. निळी नदी, होड्या, काठावर झाडं.

त्यानं गेम सुरू केला. स्क्रीनच्या कोपऱ्यात आवाजाच्या हिरव्या पट्ट्या वरखाली व्हायला लागल्या. खोलीत फक्त पंख्याची घरघर होती. आणि लखन त्या पट्ट्यांकडे बघत, समाधानानं मान डोलवत म्हणाला, "आज पहिल्याच फटक्यात जमलं. किती स्वच्छ वाजतंय ना पाणी?"

पाणी वाजत नव्हतं. काहीच वाजत नव्हतं.

"फाटतोय का, सांग," तो म्हणाला.

मला बाबांचं ते हसू आठवलं. मी उठले, त्याच्या उजव्या कानामागचे केस बाजूला केले. तिथं सुताचा बारीक पांढरा भुरका बसला होता. बाबा पाळीवरून घरी आले की लहानपणी तो मी रोज पुसायची. मला तो ओळखायला भिंग लागत नाही. माझ्या बोटांवरचा भुरका मी त्याला दाखवला आणि पंख्याच्या प्लगकडे बोट केलं.

त्याला सगळं कळलं. त्यानं गेम बंद केला.

आईकडे आला त्याच आठवड्यात तो बमरोलीला परत गेला होता. रात्रपाळीला. गेमच्या कामावर खोली कधीच होणार नव्हती, हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. "थोडेच महिने," तो म्हणाला. "खोली झाली की सोडणार होतो. तुला कळूच द्यायचं नव्हतं."

मी खूप बोलले त्या दिवशी. म्हटलं, मी कमावते, आपण दोघं मिळून भाड्याची खोली घेऊ, आईला मी समजावते. तो ऐकत होता, म्हणजे माझ्या ओठांकडे बघत होता. मग म्हणाला, "तुझ्या पगारावरही जगू आणि तुझ्या कानांवरही? मग माझं काय, जागृती?"

त्यावर माझ्याकडे उत्तर होतं. म्हटलं, तुझं मी आहे. त्यानं माझा हात घट्ट धरला, कारखाना सोडतो म्हणून शपथ घेतली. पुढच्या रविवारी कानामागे पुन्हा भुरका होता. पुन्हा शपथ, पुन्हा भुरका. तिसऱ्यांदा मी बघितलंच नाही. त्याला नुसती मी पुरत नव्हते. स्वतःच्या हातानं उभ्या केलेल्या खोलीत मला आणायचं होतं. मी वाट बघेन म्हटलं की त्याला जोरच चढायचा. मी जोवर त्याची होते, तोवर तो त्या मागांमध्ये उभा राहणार होता आणि उरलेला कान तिथं ओतून येणार होता. मला तो इतका आवडत होता, की हे मला बघवेना.

पावसाळा संपता संपता शहाद्याचं स्थळ आलं. मुलगा दूध डेअरीत होता, साधा, बरा. आईलाही वाटलं नव्हतं, मी हो म्हणेन. तिनं दोनदा विचारलं, लखनचं काय. मी म्हटलं, काही नाही. ती स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गोडादऱ्याला गेले. लखन एकटाच होता. मला बघून त्यानं नेहमीसारखं स्टूल उजवीकडे सरकवलं.

"कारखाना सोड," मी बसता बसताच म्हटलं.

"सोडतो गं. आता थोडंच राहिलंय. खोली बघून ठेवलीये, खिडकीही आहे."

"खोली नको आता. माझं लग्न ठरलंय, लखन. शहाद्याचा मुलगा आहे. मी हो म्हटलंय."

तो पुढे झुकला. "काय?"

मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं.

"परत सांग."

तिसऱ्यांदा मी इतक्या मोठ्यानं बोलले, की वह्यांच्या दुकानातला मालक मान वर करून बघायला लागला. माझं लग्न ठरलंय, माझं लग्न ठरलंय... माझा आवाज मलाच आईसारखा वाटला. लखननं डोळे मिटले आणि मान हलवली.

"ऐकू आलं होतं," तो म्हणाला. "पहिल्याच वेळी आलं होतं."

"मग तीनदा का बोलायला लावलंस मला?"

"वाटलं... निदान या वेळी तरी माझे कान चुकले असतील."

टेबलावर त्याचा फोन वाजत होता, त्यानं तो उचलला नाही. त्याला दिसतच नव्हता की ऐकू येत नव्हता, मला माहीत नाही. त्याच्या चेहऱ्याला हात लावावा असं फार वाटलं. लावला नाही, कारण लावला असता तर मला उठता आलं नसतं.

"उद्यापासून बमरोलीला जाऊ नकोस," मी म्हटलं.

"आता कुणासाठी जाऊ?" तो म्हणाला.

एवढंच वदवून घ्यायला मी आले होते. ते मिळालं. मग शेअर रिक्षात दोन अनोळखी बायकांच्या मध्ये बसून मी डिंडोलीपर्यंत रडत गेले.