जिन्याखालच्या हाका

डॉ. हेमचंद्र कर्णिक शनिवारी रात्री बेसमेंटच्या जिन्यावरून पडून वारले. पोलिसांनी अपघाताची नोंद केली. त्यांच्या पत्नी सुनेत्राबाईंना ते पटलं नाही.

"मी शिकागोहून परतले तेव्हा बेसमेंटचा दिवा बंद होता," त्या उत्तराला म्हणाल्या. "अंधारात कोण जिना उतरेल?"

उत्तरा राजवाडे खासगी तपासाची कामं करायची. १९८६च्या त्या जानेवारीत तिला बर्फातून मिशिगनमधल्या नोव्हायला, कर्णिकांच्या घरी घेऊन आला होता तिचा धाकटा दीर गुरुदत्त, मोटार कंपनीतला इंजिनिअर.

गुरुदत्त चहाचा ट्रे उचलायला गेला आणि तो त्याच्या हातून खणखणत फरशीवर पडला. सगळे दचकले. खिडकीशी पाठमोरं बसलेलं कुत्र्याचं पांढरंशुभ्र पिल्लू तेवढं वळलं नाही. मुक्या जीवालाही मालक गेल्याचं कळतं, गुरुदत्तला वाटलं.

"हीच ती चांदणी," सुनेत्राबाई म्हणाल्या. "शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये पांढऱ्या टेरियर कुत्र्यांची एक जात फार गाजली होती. प्रदर्शनांत बक्षिसं, श्रीमंतांच्या मांडीवर जागा. रंग शुभ्रच हवा म्हणून जवळच्या नात्यातच जोड्या लावत गेले. जात नाजूक झाली, लोकांनी हात आखडला, आणि संपली. ती परत आणायची म्हणून हे आणि यांचे मित्र राजाराम पंधरा वर्षं झटत होते."

"शेवटचं बोलणं कधी झालं?" उत्तराने विचारलं.

"त्याच शनिवारी दुपारी, फोनवर. म्हणाले, 'पिल्लाचं काय बिनसलंय ते आत्ता कळलं. कुणाला सांगितलं नाही अजून. तू आलीस की बोलू.'"

त्यांची मुलगी दीपा जवळच्या ॲन आर्बर गावी हॉस्पिटलात नोकरी करायची; आता तीही घरी होती. त्या शनिवारी सकाळी ती बापाशी कडाकडा भांडून गेली होती. "बाबांना आमच्यापेक्षा डॉग्ज जास्त," ती म्हणाली. मग पिल्लाकडे बघून ओरडली, "चांदणी, कम हिअर! बघितलंत? शी नेव्हर लिसन्स. सो स्टबर्न!"

राजाराम फाटक संध्याकाळी आले. डोळे सुजलेले.

"महिनाभर इकडे फिरकलोच नाही," ते म्हणाले. "पिल्लू तर आज पहिल्यांदा पाहतोय. हेमचंद्र म्हणायचा, जरा मोठं होऊ दे."

तेवढ्यात पिल्लू उघड्या दारातून बेसमेंटच्या जिन्याकडे निघालं. गुरुदत्त ओरडला, "चांदणी, चांदणी!" पिल्लू चालतच राहिलं. राजारामनी लाकडी जमिनीवर दोनदा टाच आपटली. पिल्लू गर्रकन वळलं.

उत्तराने दार लावलं आणि सगळ्यांना बसायला सांगितलं.

"भावोजी, ट्रे पडला तेव्हा पिल्लू का दचकलं नाही?"

"दुःखात होतं..."

"बहिरं आहे ते. जुनी जातही बहिरेपणाने पोखरली होती. डॉक्टरांना ते शनिवारी दुपारी कळलं. सुनेत्राबाईंना माहीत नव्हतं. दीपा अजून हाका मारते, म्हणजे तिलाही नाही. तुम्हीही हाकच मारलीत. पिल्लू प्रथमच पाहणारा माणूस दुसरं काय करणार? राजारामकाकांनी मात्र जमीन हादरवली. त्यांना हे सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि तो त्या रात्रीपर्यंतच जिवंत होता. नुसतं फोनवर कळलं असतं, तर त्यांनी ते लपवलं नसतं. काका, शनिवारी तुम्ही इथे होतात. जाताना सवयीने दिवा मालवलात."



"त्याने फोन करून बोलावलं," राजाराम म्हणाले. "टाच आपटून दाखवलं मला. म्हणाला, बहिरी पिल्लं जन्माला घालण्यात कसला पराक्रम? सगळ्या कुत्र्यांचं नसबंदीचं ऑपरेशन करायचं, जात इथेच थांबवायची. पंधरा वर्षं माझीही होती! जिन्याच्या तोंडाशी मी त्याला ढकललं."

"लगेच गेले का हो ते?" सुनेत्राबाईंनी विचारलं.

राजारामनी नकारार्थी मान हलवली. "हाका मारत होता. पिल्लू वरच्याच पायरीवर झोपलं होतं, ते हललं नाही." त्यांनी तोंड झाकून घेतलं. "त्याला ऐकू येत नव्हतं. मला येत होतं."

उत्तरा फोनकडे वळली. सुनेत्राबाईंनी तिचा हात बाजूला केला आणि पोलिसांचा नंबर स्वतः फिरवला.