झोपायचा डबा

"नागपूर काय लांब आहे मॅडम? बसल्या बसल्या पोचतो माणूस!" रेल्वेच्या साहेबांचं हे वाक्य ऐकून ऐकून चेतनाचे कान किटले होते. साहेबांचं काय जातंय म्हणायला! त्यांच्या पाठीत थोडेच स्क्रू बसवले होते? ते होते चेतनाच्या आईच्या, मायाबाईंच्या पाठीत, आणि ते बसवणारे डॉक्टर नागपूरला. दर महिन्याला रायपूरहून रात्रीच्या पॅसेंजरने जायचं, तर त्या गाडीला सगळे बसायचेच डबे. लांबच्या गाड्यांमध्ये एवढ्याशा पल्ल्याला बर्थ मिळणं म्हणजे लॉटरीच. सकाळी नागपूरला उतरेपर्यंत मायाबाईंचा चेहरा पिवळा पडलेला असायचा. मागच्या खेपेला तर त्यांनी फलाटावरच सांगून टाकलं, "आता मले इथं आणू नको. मरण परवडलं, पण हे बसणं नको."

उपचार सुटले तर आई अंथरुणाला खिळेल, हे डॉक्टरांनी स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. चेतना नवा रायपूरच्या एका सरकारी कार्यालयात आकडेवारीचं काम करायची. हट्टी बाई. बसली अर्जांवर अर्ज खरडत. पाच-सहा तासांची का असेना, रात्र ती रात्रच. माणसाला आडवं व्हायला जागा नको का?

शेवटी साहेब कंटाळले म्हणा की पाघळले म्हणा, पॅसेंजरच्या शेपटीला दिवाळीपर्यंत प्रयोग म्हणून स्लीपरचा एक डबा लागला. पण अट चोख होती. "एवढ्याशा झोपेत लोकांचं गोंदिया चुकणार, भंडारा चुकणार. मग चेन ओढतील, बोंबा मारतील. तक्रारी आल्या की डबा काढलाच समजा."

पहिल्याच खेपेला चेतनाचं अवसान गळालं. डब्यात रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमधले कामगार चढले होते, पाळी संपवून थेट. केसांत लोखंडाची धूळ, आणि पाठ टेकवली की मेल्यासारखे घोरायला लागले. हे बाबा गोंदियाला उठतात कसले! आपणच एकेकाला हलवून उठवायचं असं ठरवून ती टक्क जागी बसली, आणि बसल्या बसल्या तिचाच डोळा लागला.

जाग आली तेव्हा खिडकीत उजाडत होतं. गोंदिया कधीच मागे पडलं होतं. कामगारांचे बर्थ रिकामे होते, कुणी चेन ओढली नव्हती, कुणी चुकलं नव्हतं. समोर मायाबाई केस विंचरून, पिशवी बांधून तयार. चेहरा कसा टवटवीत!

"आई, तू कधी उठलीस?"

"आत्ताच. उठवून गेला ना तो."

"कोण?"

"डब्यातला माणूस. पायाचा अंगठा दाबून उठवते बिचारा." मायाबाई हसल्या. "तुझे बाबा गार्ड होते ना, तवा कॉलमन असाच यायचा रातच्याला घासलेटचा कंदील घेऊन, ड्यूटीवर बोलवाले. हाका मारल्या तर लेकरं उठतील, म्हणून खिडकीतून हात घालायचा अन् अंगठा दाबायचा. रेल्वेवाल्याइची जुनी रीत आहे ते. मी तर किती दिवसांनी अशी झोपली!"

चेतनाला भरून आलं. त्या माणसाचं नाव कळवून कौतुकाचे चार शब्द लिहावेत, म्हणून तिने नागपूरच्या फलाटावर गाडीच्या टीसीला, निरंजन मेश्रामला गाठलं.

"या डब्याले माणूसच नाही दिला दीदी," तो म्हणाला. "तो एसीच्या डब्याले असते."

"मग उठवतं कोण?"

निरंजनने इकडेतिकडे पाहिलं. "लोकं टाइमावर उतरून राहिले ना? डबा चालू राहाले पाहिजे ना तुमाले? मग काहून विचारून राहिल्या?" आणि तो चालू पडला. स्लीपरच्या डब्यातून गेलं असतं तर त्याची वाट जवळची होती. तो फलाटावरून वळसा घालून गेला.

पुढच्या महिन्यात चेतनाने थर्मासभर कॉफी घेतली आणि मनाशी ठरवलं, या वेळी बघायचंच. अख्खी रात्र काही घडलं नाही. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही, गोंदियाची माणसंही आपणहून उठल्यासारखी उठून गेली. चेतनाला स्वतःचंच हसू आलं. माणसाला सवय असते, आपलं स्टेशन आलं की जाग येते, एवढं साधं गणित!

भंडारा जवळ आला. डब्यात करड्या रंगाचा उजेड पसरला होता. कुठूनसा घासलेटचा वास आला.

टोकाच्या बर्थवर एक बाई झोपली होती. तिच्या पायावरच्या चादरीत एक खळगा पडला. मळलेल्या कणकेत अंगठा रुतावा तसा. बाईने पाय आखडला, डोळे चोळले आणि चादरीची घडी घालायला लागली.

खळगा पुढच्या बर्थवर पडला. मग त्याच्या पुढच्या. मधला एक म्हातारा नागपूरचा होता. त्याच्या चादरीला काही झालं नाही.

वास चेतनाच्या जवळ आला, थांबला, आणि पुढे गेला.

नागपूर येईस्तोवर तिने डोळे गच्च मिटून घेतले. आईचा आवाज मात्र ऐकू आलाच, अगदी घरच्यासारखा. "हो भाऊ, उठली."

सांगायचं कुणाला आणि काय? साहेबांना सांगितलं असतं, तर डबा गेला असता आणि वर वेड्यात काढलं असतं ते वेगळंच. इकडे आई जिना चढायला लागली होती, दुपारी शेजारणीशी गप्पा ठोकायला लागली होती. चेतनाने तोंडाला कुलूप लावलं. दिवाळीला प्रयोगाचा निकाल आला. एकही प्रवासी चुकला नव्हता, एकही तक्रार नव्हती. डबा कायमचा झाला! चेतना गोल बाजारातून पेढे घेऊन स्टेशनवर गेली. निरंजनने पेढा कपाळाला लावून तोंडात टाकला आणि म्हणाला, "सुटलो बाप्पा एकदाचे." चेतनालाही अगदी तसंच वाटत होतं. वर्षभराचं ओझं उतरलं होतं.

त्या रविवारी दोघी जेवून लवंडल्या. आई दिवाणावर, चेतना खाली चटईवर. बाहेर पोरं फटाक्यांच्या उरलेल्या लडी वाजवत होती. चेतनाला छान गुंगी येत होती. सहज तिची नजर वर गेली.

आईच्या पायावरच्या चादरीत खळगा पडला होता.

चेतनाला ओरडायचं होतं. ती कोपरावर उठली.

मायाबाईंनी डोळेही उघडले नाहीत. "माझं टेशन नाही आलं अजून, भाऊ," त्या झोपेतच पुटपुटल्या. "झोपू दे."

खळगा भरून आला. आई कुशीवर वळली, घोरायला लागली. चेतनाच्या जिवात जीव आला. टाळलं! आईनं टाळलं!

मग तिच्या स्वतःच्या अंगठ्यावर कुणाचं तरी बोट टेकलं. हळूच.

"तिलेही नको," दिवाणावरून आई म्हणाली. "आमी दोघी संगंच उतरू."

बोट हललं नाही. त्याला चेतनाच्या तोंडून ऐकायचं होतं.

"हव," चेतना घाईघाईने म्हणाली. "संगंच."

अंगठा सुटला.