अर्धा सूर खाली

दौऱ्याची बस भर दुपारी बंद पडली, म्हणून तो गायक गिटार घेऊन समोर दिसलेल्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात शिरला. दुकानातल्या तरुणीने त्याला ओळखलं. चौकातल्या पोस्टरवर होता तो, दहा वर्षांनी तरुण.

"संध्याकाळी इथंच कार्यक्रम आहे. तोवर ही गिटार बरी होईल?"

तिने गिटारच्या मानेवरून बोट फिरवलं. "किती झिजवलीत हो!"

"वीस वर्षांचा संसार आहे."

"तरी टिकली बिचारी."

तो हसला... दमलेला माणूस हसतो तसं, अर्धंच. मग स्टुलावर बसल्या बसल्या भिंतीला डोकं टेकून झोपला. तिने मानेवरच्या झिजलेल्या पट्ट्यांवर कानस जरा हलक्या हाताने चालवली. नव्या तारा चढवल्या, सुरात लावल्या. बाहेरून बसचा हॉर्न वाजला तसा तो दचकून उठला, गिटार उचलली आणि गेला.

संध्याकाळी ती तिसऱ्या रांगेत होती. मंचावर त्याच्या सोबतीला फक्त एक ड्रमर. ज्या गाण्याने त्याचं नाव झालं, त्यातली वरची जागा आली आणि आवाज फाटला. त्याने पुन्हा घेतली. पुन्हा फाटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या; त्या कीव आल्याच्या होत्या. तिला दुपार आठवली. जुन्या तारा सगळ्याच अर्धा सूर उतरलेल्या होत्या... प्रवासात ढिल्या झाल्या असतील, असं धरून तिने नव्या तारा पूर्ण सुरात चढवल्या होत्या.

सकाळी दुकान उघडायला आली, तर तो पायरीवर बसलेला.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "तारा ढिल्या झाल्यात असं वाटलं मला. मी विचारायला हवं होतं."

"तारा नाही, मी ढिला झालोय. चार वर्षं अर्धा सूर खाली गातोय. चोरून." तो थांबला. "दौरा रद्द करतोय. आज कळवतो."

"आणि मग?"

"मग काय... झोपेन."

"झोपा की. त्याआधी आत या."

खाली उतरवल्या तरी ढिल्या न पडणाऱ्या जाड तारा तिने खणातून काढून चढवल्या आणि पूर्ण एक सूर खाली लावल्या. "आता गा. ओरडू नका, नुसतं सांगा."

तो गायला. वरच्या जागेशी आवाज फाटला नाही. दमलेल्याला खुर्ची मिळावी तसा गाण्यात बसला. आतल्या खोलीत लाकूड तासणाऱ्या तिच्या बाबांचा रंधा थांबला.

त्याने गिटार मांडीवर आडवी ठेवली.

"लोक म्हणतील, म्हातारा झाला," तो म्हणाला.

"मी तर म्हणेन, आत्ता कुठे खरं बोलायला लागला."

त्याने तिच्याकडे पाहिलं. नीट, पहिल्यांदाच. "दौरा रद्द नाही करत. पण आज पुढच्या गावी तारा कोण उतरवणार?"

"तुम्हाला येतं ना?"

"येतं. पण एकट्याने उतरवायला... लाज वाटते. तुम्ही शेजारी असलात, तर नाही वाटणार."

तिचे कान तापले. "दुकान कोण बघेल?"

"मी काय मेलोय?" आतून बाबा ओरडले. "जा. आणि जाड तारांचे दोन संच घेऊन जा, तिकडे मिळायचे नाहीत!"