काचेपलीकडे दोघं

तारीख अठरा जुलैच होती का, हे मी हल्ली छातीठोकपणे सांगत नाही. आठवणी एकमेकींत मिसळतात. पण साल २०१८ आणि रात्रीचे पावणेतीन, एवढं शिवयोगीनेच मला सांगितलेलं. ऐका.

शिवयोगी अक्कलकोटकडचा. सोलापुरातल्या एका इस्पितळात निवासी डॉक्टर. पोट न फाडता मांडीच्या धमनीतून बारीक नळी सरकवायची, क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत आत न्यायची आणि वाहतं रक्त आतूनच बंद करायचं, हे तो शिकत होता. खोलीत एकटा, अलीकडे जेवायलाही एकटा.

त्या रात्री सृष्टी नावाची बाळंतीण आली. रक्त थांबेना. मोठे डॉक्टर बार्शीहून निघालेले. तासभर लागणार होता. सृष्टीकडे तेवढा वेळ नव्हता.

"सुरू कर," ते फोनवर म्हणाले.

याआधी त्याने हे एकट्याने कधीच केलं नव्हतं. दारात तिची सासू चंद्रव्वा उभी. "पोर वाचंल न्हवं, डाक्टर?"

 शिशाचा जड एप्रन चढवून तो आत गेला. नर्स रक्ताची पिशवी आणायला पळाली. काचेमागून यंत्र चालवणारा अभिमन्यू माइकवर म्हणाला, "हात थरथरतोय की तुमचा."

"एसी लई हाय."

"व्हय व्हय. एसीच."

नळी वळणावर अडली. पुन्हा अडली. पडद्यावर वाहत्या रक्ताचा काळा डाग पसरत होता...

शेजारी कुणी येऊन उभं राहिलं. एप्रन. मास्क. नर्स असेल.

हातावर हात आला. गार.

"निधान, तम्मा..." कानडीत, हळू, धाकट्या.

नळी वळली. डाग थांबला.

"डाक्टर..." अभिमन्यूचा आवाज बारीक झाला. "तुमच्या बाजूला... कोण हाय?"

त्याला तम्मा म्हणणारा एकच माणूस होता. डबा उघडला की अर्धी भाकरी त्याच्यापुढे सरकवणारे, त्याला हे काम शिकवणारे डॉ. शिवानंद. त्यांना जाऊन एकवीस दिवस झाले होते.

"सर...?"

...

वळून पाहिलं. कुणी नाही.

सृष्टी वाचली. शिवयोगी पुन्हा एकटाच जेवू लागला.

मी भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस. भास म्हणून सोडून दिलं. चार वर्षांनी तिथल्या किरणांच्या नोंदी तपासायचं काम माझ्याकडे आलं. तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला असतो. अंगावर किती किरण पडले ते त्यात उमटतं. दर तीन महिन्यांनी नवा येतो. नाव कमी करायचं राहिल्याने त्या जुलैत शिवानंदांचाही आलेला. कुणी पाकीटसुद्धा फोडलं नाही. ऑफिसच्या कपाटातून तसाच तपासणीला परत गेला. अहवाल मी तीनदा वाचला. चष्म्यावर भरवसा नाही, म्हणून मुलीला वाचायला लावला.

त्या बिल्ल्यावर किरण पडले होते. एका रात्रीच्या कामाइतके.