सोलांजचे टाके

आमच्या शांब्रेयचं धुणघर गावाच्या खालच्या अंगाला आहे. दगडी खांब, वर काळ्या पाटीच्या दगडाचं छप्पर, मधे लांबट हौद. झऱ्याचं पाणी एका तोंडाने आत येतं आणि दुसऱ्या तोंडाने ओढ्यात जातं. त्या वर्षी निम्म्या घरांत धुण्याची यंत्रं आली होती, पण कपडे धोपटायच्या मोगऱ्या कुणी चुलीत घातल्या नव्हत्या. प्रत्येक दाराआड एक असायचीच. आजीकडून आलेली, बीच झाडाच्या लाकडाची, आणि तिच्या सपाट अंगावर घराची खूण कोरलेली. कुणाचा मासा, कुणाची किल्ली, आमचं पाच पाकळ्यांचं फूल. ओल्या कापडावर मोगरी बसली की खूण उठते. मग कुणी जोर लावला आणि कुणी नुसतंच पाणी उडवलं, ते लपत नाही.

वर्षातून एकदा, ईस्टरआधीचे उपवास सुरू व्हायच्या आदल्या दुपारी, सगळ्या मोगऱ्या खाली येतात. वर्षभरात जो मेला त्याच्या कपड्यांत पेंढा भरायचा, त्याला हौदाच्या काठावर आडवा घालायचा आणि गावातल्या बायकांनी धोपटायचा. त्याने केलेलं सगळं पाण्याबरोबर निघून जातं आणि तो परत घराकडे फिरकत नाही, असं म्हणतात. मी या भागातली नर्स. माझा विश्वास सुईवर, पट्टीवर आणि तापमापकावर. पण त्या दिवशी माझेही हात शिवशिवत होते.

कारण त्या वर्षी पाळी अनिसेची होती. अनिसे म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, सोलांजचा नवरा. नोव्हेंबरात तो जंगलात झाड पाडत होता, ते त्याच्यावरच पडलं. मला वाईट वाटलं नाही. सोलांजच्या संसाराची वर्षं मी माझ्या हातांनी बांधली आहेत. मनगट, जबडा, पुन्हा मनगट, बरगड्यांचं तर विचारूच नका. दर वेळी ती डॉक्टरांना सांगायची, जिन्यावरून पडले. तिच्या घराला जिना नव्हता.

दफनाच्या वेळी मी तिचा हात धरून म्हटलं होतं, "आता तुझ्या अंगाला कुणी हात लावणार नाही. मी आहे ना." तिने मान हलवली होती. तरी हिवाळाभर ती दाराच्या मुठीखाली खुर्ची अडकवून झोपत होती.

"तो येतो, ताई," ती म्हणाली. "उंबऱ्यापर्यंत येतो. बूट आपटून चिखल झाडतो ना, तसा आवाज येतो."

"मेलेली माणसं बूट झाडत नाहीत, सोलांज."

"नसतील झाडत. पण तुम्ही त्याला नीट मारा. हयगय करू नका."

एवढंच तिचं मागणं होतं. एक रात्र खुर्चीशिवाय झोपता यावं.

बाहुला तयार करायचा एकच नेम आहे, आणि तो मातुरीन आजीच्या हातात. मेलेल्याच्या कपड्यावर जिवंत माणसाचा टाका राहू द्यायचा नाही. ठिगळं, रफू, नंतर लावलेली बटणं, सगळं कात्रीने उसवायचं. का, ते कुणी विचारत नाही. त्या दुपारी आजी खांबाला टेकून बसली होती आणि मांडीवर अनिसेचा तपकिरी कोट होता. हवा बोचरी होती. गरम वाइनचं पातेलं फिरत होतं. सोलांज मागच्या बाकावर बसली होती, मांडीवर साखर भुरभुरलेल्या तळणाची ताटली.

"आजी, कोट उसवताय की नवीन विणताय?" पाववाली उगेत म्हणाली. बायका हसल्या.

"हस, तुझं काय जातंय! या कोटात सोलांजचा टाका नाही अशी जागा दाखव मला. बाही तिची, कॉलर तिची, पाठ तिची. हा मेला गुत्त्यात मारामाऱ्या करून फाडायचा आणि ही पोरगी रात्री बसून शिवायची. कोट कुठला, नुसता तिचाच दोरा आहे हा. थांबा जरा, दिवस बुडेपर्यंत होईल."

"दिवस बुडेपर्यंत आम्हीच गोठून मरू, मग आमचे कपडे उसवत बसा!" उगेतने कोट तिच्या मांडीवरून ओढून घेतला. "मारच खायचाय त्याला, मिरवायचं नाहीये."

आजी काहीतरी ओरडली. पण तोवर पेंढा भरायला घेतला होता, आणि हशात तिचा आवाज बुडाला. मीही हसले.

पहिली मोगरी उगेतची. "हा माझ्या भावाच्या दातांचा!" दुसरी कुणाची तरी, कोंबड्यांवर कुत्रं सोडल्याबद्दल. मग रांग मोडली. सगळ्या एकदम तुटून पडल्या. थंड पाण्याचे शिंतोडे तोंडावर उडत होते. मी बाह्या सरसावून मधे घुसले आणि मारायला लागले. "हा मनगटाचा! हा जबड्याचा!" मला रडू येत होतं आणि फार बरं वाटत होतं. ओल्या पाठीवर मासे उठले, किल्ल्या उठल्या, आणि सगळ्यांत खोल माझं फूल.

ओल्या पेंढ्याचा आवाज मऊ असतो. भस्, भस्. मधेच एक वेगळा आवाज आला. कोरडा, आखूड. तो मी कामावर असंख्य वेळा ऐकला आहे. मला वाटलं, कुणाची मोगरी दगडावर बसली.

बाहुल्याची डावी बाही कोपरापाशी उलटी वळली होती.

ओढ्याकडे जाणारं पाणी तांबूस दिसायला लागलं. कोटाचं अस्तर किरमिजी होतं. रंग जातोय, असं मी मनात म्हटलं आणि पुन्हा मोगरी उचलली.

तेवढ्यात मातुरीन आजीने माझी वेणी धरून मला मागे खेचलं. "मागे बघ, सटवे! मागे बघ!"

सोलांज बाकावर ताठ बसली होती. तळणाची ताटली तिने सांभाळून बाजूला ठेवली होती. तिचा डावा हात नको त्या जागेवरून लोंबत होता. कानातून निघालेलं रक्त गळ्यावरून पोलक्यात उतरत होतं. तिच्याजवळ कुणीही नव्हतं.

तिचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. हनुवटी छातीशी, डोळे बंद. आवाज केला की मार वाढतो, हे ती लग्नानंतर शिकली होती.

"थांबा!" मी किंचाळले.

उगेतची मोगरी हवेत होती. ती खाली आली.

सोलांजचा गुडघा आत दुमडला.

हौदाचं पाणी बाहुल्याला दगडावर हलकेच आपटत होतं, आणि प्रत्येक आपटण्याबरोबर बाकावर सोलांजची मान हलत होती. मी आणि उगेतने बाहुल्याला उचलून वर घेतलं, बाळाला घ्यावं तसं. मातुरीन आजी कात्री घेऊन त्याच्यावर ओणवी झाली. टाका कापला. आणखी एक. बाही सुटली, पाठ सुटली. सोलांजचे ओठ निळे पडत चालले होते. शेवटी कॉलरचा दोरा तुटला, आणि तिने श्वास घेतला.

दुसऱ्या दिवशी शहरातून पोलीस आला. त्याने इस्पितळात तिचे हाल पाहिले होते. असा मार एकट्यादुकट्याचा नसतो, तो म्हणाला. बायका जमिनीकडे बघत राहिल्या.

"जिन्यावरून पडली," उगेत म्हणाली.

"कुठल्या जिन्यावरून?" त्याने विचारलं.

मीही जमिनीकडे बघायला लागले.

सोलांज वाचली. तिला मी माझ्या घरी आणलं. आता दाराबाहेर बूट वाजत नाहीत, असं ती म्हणते. रोज सकाळी मी तिचं पोलकं उतरवून पाठीला मलम लावते. जखमा वरून सुकल्या आहेत, पण वळ जात नाहीत. कमरेवर मासे आहेत, बरगड्यांवर किल्ल्या आहेत. उजव्या खांद्यावर पाच पाकळ्यांचं फूल आहे, इतकं स्वच्छ की पाकळीवरची लाकडाची चीरसुद्धा दिसते.

काल मी त्यावरून बोट फिरवत होते, तेव्हा ती म्हणाली, "तुझा हात जड आहे, ताई. त्याच्यापेक्षाही."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी मलमाची डबी हातात धरून तशीच उभी राहिले. माझं अजून झालं नाही, असं तिला वाटलं असावं. तिने डोळे मिटले, हनुवटी छातीशी घेतली आणि दुसरा खांदा माझ्यापुढे केला.